प्रजास्थापन आणि गर्भपातन : वनौषधींची नावे, ग्रंथ आणि नोंदी

१

बेंगळूरच्या पूर्वेकडील कृष्णराजपुरम, म्हणजेच के. आर. पुरम, हे कन्नड, तेलुगू, तमिळ आणि मराठी बोलणाऱ्यांच्या मिश्र वस्तीचे उपनगर आहे. काष्ठौषधी विकणाऱ्या दुकानाला या मुलखात ‘ग्रंधिगे अंगडी’ म्हणतात. अशा दुकानात शतावरीचे वाळलेले मूळ मागायचे झाले तर कन्नडमध्ये त्याचे एक नाव आहे ‘हलवु मक्कळ तायि बेरु’, म्हणजे ‘पुष्कळ मुलांच्या आईचे मूळ’. याच मुळाला तमिळ भाषा त्यातील पाणीदारपणावरून ‘तण्णीर्विट्टान् किळंगु’ म्हणते. तेलुगू नावात ‘पिल्लि’ म्हणजे मांजर येते. मराठीने संस्कृत नाव जसेच्या तसे ठेवले. वनस्पती एक, मूळ एक. परंतु अपत्यप्राप्तीचे आश्वासन या चारांपैकी एकाच भाषेतील नावात उघडपणे आलेले आहे.

हे आश्वासन कन्नडने नव्याने निर्माण केले असेही नाही. अमरकोशाने शतावरीच्या पर्यायांत ‘शतमूली’च्या शेजारीच ‘बहुसुता’ हा शब्द दिला आहे. एका खोडाखाली जुडग्याने वाढणाऱ्या लांबट कंदांचे रूप पाहिले म्हणजे या नावाचे कारण कळते. आईभोवती मुले बिलगावीत तसे ते कंद दिसतात. म्हणजे नाव प्रथम रूपकातून आले. गुणाचा दावा त्या रूपकाला चिकटला की स्वतंत्र अनुभवातून आला, हे नावावरून ठरवता येत नाही. शतावरी स्तन्यवर्धक आणि बल्य म्हणून वैद्यकात सर्वत्र मान्य आहे, तिच्यातील स्टिरॉइड वर्गातील सॅपोनिन द्रव्यांचा आधुनिक रसायनशास्त्राने अभ्यासही केला आहे. परंतु ती स्त्रीला अपत्य देते, हे विधान मानवी चाचण्यांनी सिद्ध झालेले नाही.

स्त्रियांच्या प्रजननक्षमतेवर वनौषधींचा परिणाम या विषयाचा इतिहास लिहिताना हा प्रश्न पदोपदी उभा राहतो. या इतिहासाची साधने मुख्यतः शब्दांची आहेत : कोश, निघंटू, संहिता, व्रतग्रंथ, चरित्रग्रंथ, आणि पुढे पोलीस, न्यायालय व समाजसुधारक यांनी केलेल्या नोंदी. ही सर्व साधने एकाच गोष्टीविषयी बोलत नाहीत. गर्भ देणाऱ्या औषधांविषयी बोलणारे वाङ्मय मानाचे, छंदोबद्ध आणि विपुल आहे. गर्भ नको असलेल्या स्त्रीने काय घेतले याविषयीचे वाङ्मय तुटक असून बहुधा आरोपपत्राच्या भाषेत आहे. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय या वनस्पतींनी स्त्रियांचे प्रत्यक्षात काय केले, हे समजत नाही.

२

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पन्नास महाकषायांची गणना आहे. त्यांतील ‘प्रजास्थापन’ या गटात ऐंद्री, ब्राह्मी, शतवीर्या, सहस्रवीर्या, अमोघा, अव्यथा, शिवा, अरिष्टा, वाट्यपुष्पी आणि विष्वक्सेनकांता अशी दहा द्रव्ये येतात. ही यादी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने वाचणाऱ्याची लगेच अडचण होते. शतवीर्या म्हणजे दूर्वा की शतावरी, अव्यथा आणि अमोघा नेमक्या कोणत्या वनस्पती, यांवर टीकाकारांपासून आधुनिक अभ्यासकांपर्यंत एकमत नाही. परंतु हीच यादी आशीर्वाद म्हणून वाचली तर तिच्यात संदिग्ध असे काही उरत नाही. कधी वाया न जाणारी, व्यथा न होऊ देणारी, मंगल, अरिष्ट टाळणारी, शंभरपट आणि हजारपट सामर्थ्याची : गर्भवतीला द्यायचे सारे शुभशब्द येथे ओळीने आले आहेत. शारीरस्थानात ही द्रव्ये डोक्यावर किंवा उजव्या हातावर धारण करावीत असेही सांगितले आहे. पोटात घेण्याचे औषध आणि अंगावर बांधण्याचा ताईत यांच्यात या ग्रंथाने भिंत घातलेली नाही.

पुंसवनाचा विधीही असाच दुहेरी आहे. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडातील एका सूक्तात शमीवर आरूढ झालेल्या अश्वत्थाच्या प्रतिमेतून पुत्रजन्माची कल्पना येते. चरकात गोठ्यातील वडाच्या पूर्व आणि उत्तर दिशांच्या फांद्यांवरील अखंड शुंग, उडीद किंवा पांढऱ्या मोहऱ्यांसह दह्यात घालून पुष्य नक्षत्रावर प्यावेत, असे विधान आहे. झाडाची जात, फांदीची दिशा, नक्षत्र, नाकपुडीची बाजू हे सारे काटेकोरपणे सांगितलेले आहे. दुसरीकडे सुश्रुताने गर्भधारणेसाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज या चार गोष्टींचा मेळ आवश्यक मानला. ही शेतकऱ्याची भाषा आहे आणि तिच्यात शरीरक्रियेचे सूक्ष्म निरीक्षण आहे. अर्थात ‘क्षेत्र’ म्हणजे स्त्री असे एकदा ठरले की पीक न येण्याचा दोष प्रथम जमिनीकडे जातो. मराठीतील ‘वांझ’ हा शब्द जमिनीला, झाडाला आणि बाईला सारखाच लागतो, ‘कूस उजवणे’ हा वाक्प्रचार मात्र एकट्या बाईसाठी राखलेला आहे.

वृक्ष आणि अपत्य यांच्या नात्याचे मराठीतील एक ठळक रूप कर्नाटकातूनच आले. गाणगापूरच्या नृसिंहसरस्वतींचे चरित्र सांगणारा ‘गुरुचरित्र’ हा ग्रंथ सरस्वती गंगाधर यांनी मराठीत लिहिला. त्यांची मातृभाषा कन्नड मानली जाते. त्याच्या एकोणचाळिसाव्या अध्यायात साठ वर्षांच्या निपुत्रिक स्त्रीला अश्वत्थसेवेने आणि गुरुकृपेने अपत्यप्राप्ती होते. चरकातील वडाचे शुंग येथे गळून पडले आहेत. उरली आहे ती प्रदक्षिणा. जे झाड संहितेत औषधाचे साधन होते ते पुराणकथेत उपास्य झाले, आणि त्याबरोबर वैद्याची जागा गुरूने घेतली. मराठी जात्यावरच्या ओव्यांत कूस, वांझपण, नवस आणि पाळणा हे विषय वारंवार येतात, ते याच परंपरेच्या घरगुती बाजूने.

अशोकाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. संस्कृत काव्यसंकेतानुसार सुंदर स्त्रीच्या पायाचा स्पर्श झाल्यावाचून अशोक फुलत नाही. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकाच्या तिसऱ्या अंकाची रचनाच या प्रसंगावर उभी आहे. झाडाच्या या अपेक्षेला ‘दोहद’ म्हणतात, आणि गर्भवतीच्या इच्छांना मराठीत जे ‘डोहाळे’ म्हणतात ते याच शब्दाचे रूप होय. म्हणजे काव्याने झाडाला आधी गर्भिणी केले. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या ‘धर्मसिंधु’त चैत्र शुद्ध अष्टमीला अशोकाच्या आठ कळ्यांचे प्राशन शोकनिवारणासाठी सांगितले आहे. वैद्यकात अकराव्या शतकातील चक्रदत्ताने रक्तप्रदरावर अशोकाच्या सालीचा दुधातील काढा दिला, आणि पुढे ‘भैषज्यरत्नावली’तील अशोकारिष्ट हे स्त्रियांचे औषध म्हणून घरोघर गेले. काव्य, व्रत आणि औषध यांतील कोणी कोणाकडून घेतले याचा निर्णय करण्याची घाई नको; परंतु अशोक ‘स्त्रियांचे झाड’ ठरण्यात सालीइतकाच शब्दाचाही वाटा आहे, हे नाकारता येणार नाही.

आता याच फळीवरची दुसरी बाजू. ‘भावप्रकाश’ आणि ‘योगरत्नाकर’ यांसारख्या उत्तरकालीन ग्रंथांत योनिरोगांच्या प्रकरणात वंध्येसाठी योग दिले आहेत आणि त्याच प्रकरणात गर्भ राहू नये म्हणूनही योग दिले आहेत. पिंपळी, वावडिंग आणि टांकणखार यांचे समभाग चूर्ण दुधाबरोबर, किंवा कांजीत वाटलेली जास्वंदीची फुले, हे त्यांतील प्रसिद्ध होत. कल्याणमल्लाच्या ‘अनंगरंगा’सारख्या कामशास्त्रीय ग्रंथांतही दोन्ही प्रकारचे योग आढळतात. ग्रंथकारांना यात विसंगती वाटली नाही. शास्त्राच्या पातळीवर गर्भ देणे आणि गर्भ रोखणे या एकाच विद्येच्या दोन शाखा होत्या.

प्रत्यक्ष गर्भ पाडण्याविषयी मात्र ग्रंथांची भाषा बदलते. तेथे ‘रजःप्रवर्तन’ असा आडपडदा येतो. कुमारीचा रस, हिंग, कासीस आणि टांकणखार यांची ‘रजःप्रवर्तिनी वटी’ नावाप्रमाणे अडलेली पाळी आणण्यासाठी आहे. पाळी कशामुळे अडली, हे विचारण्याची जबाबदारी नाव घेत नाही. मराठी संसारातील ‘पाळी चुकली’, ‘दिवस राहिले’ हे शब्दही असेच सावध आहेत. त्यांच्या आडोशाला सुईण, शेजारीण आणि काष्ठौषधींचा दुकानदार यांचा व्यवहार चालत असे, आणि तो लिहून ठेवण्याचे कारण कोणालाच नव्हते.

३

हा आडोसा फाटला तो एकोणिसाव्या शतकात, आणि तोही कायद्यामुळे. १८६० च्या भारतीय दंडविधानाने गर्भपात हा गुन्हा ठरवला आणि स्वतःचा गर्भ पाडणाऱ्या स्त्रीलाही त्यातून वगळले नाही. वैधव्य सक्तीचे, पुनर्विवाह समाजात निंद्य आणि गर्भपात शिक्षापात्र, अशा कोंडीत सापडलेल्या स्त्रिया यानंतर पोलिसांच्या कागदपत्रांत दिसू लागतात. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली व पुढे ती सौम्य करण्यात आली. या खटल्याच्या निमित्ताने उठलेल्या स्त्रीनिंदेला उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली, हे मराठी वाचकांना परिचित आहे.

औषधींच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र याहून महत्त्वाचे साधन दुसरे आहे. बेहरामजी मलबारी यांच्या बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवरील टिपणांवर मत देताना जोतीराव फुले यांनी ४ डिसेंबर १८८४ रोजी इंग्रजीत एक निवेदन लिहिले. त्यात त्यांनी काशीबाई या विधवेची हकिकत सांगितली आहे. पुण्यात गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला असलेल्या या स्त्रीने गर्भ पाडण्याचा सर्वतोपरी प्रयत्न केला, तो फसला. नऊ महिन्यांनी झालेल्या मुलाला तिने लोकलज्जेस्तव मारले आणि तिला जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. या घटनेनंतर फुले दांपत्याने १८६३ मध्ये आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. त्याच निवेदनात फुले आकडे देतात : तोवर पस्तीस गर्भवती विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या, त्यांच्या मुलांपैकी पाच जिवंत होती, तीस मरण पावली. आणि मृत्यूचे कारण ते सांगतात ते असे, की गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधी विषारी औषधे घेतली असावीत आणि त्यांनी मुलांना गर्भातच इजा झाली असावी.

हे वाक्य जपून वाचले पाहिजे. फुले येथे डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट सांगत नाहीत. ते अनुमान करीत आहेत, आणि ते अनुमान आहे हे त्यांच्या क्रियापदावरून कळते. त्या काळात बालमृत्यूचे प्रमाण सर्वत्रच मोठे होते; उपासमार, भीती, लपून काढलेले महिने आणि आईचे तुटलेले दूध यांचाही वाटा या तीस मृत्यूंत असणार. तरीही घरात येणाऱ्या प्रत्येक स्त्रीने आधी काहीतरी घेतलेले असणारच, असे गृहीत धरण्याइतका हा व्यवहार फुल्यांना सार्वत्रिक वाटत होता, एवढे तर या वाक्यावरून दिसते. आणखी एक गोष्ट निश्चित होते. औषध घेऊनही या घरात आलेल्या स्त्रियांच्या बाबतीत ते निष्फळ ठरले होते; एकूण किती वेळा ही औषधे निष्फळ ठरत, हे मात्र या आकड्यांवरून सांगता येत नाही. ती सफल झालेल्या स्त्रिया फुल्यांच्या दाराशी येण्याचे कारणच नव्हते. ज्या जिवानिशी गेल्या त्याही आल्या नाहीत. फुल्यांचे अनुमान खरे मानले तर पस्तीस हा आकडा औषध घेऊन वाचलेल्या आणि गर्भ तरीही राहिलेल्या स्त्रियांचा आहे.

त्यांनी काय घेतले असेल, याचे उत्तर न्यायवैद्यकात सापडते. नॉर्मन चेव्हर्स यांचा १८५६ चा न्यायवैद्यकावरील ग्रंथ बंगालच्या अनुभवावर उभा होता; मुंबई सरकारचे रासायनिक पृथक्करणकार आय. बी. लायन यांचा ग्रंथ १८८९ चा. जयसिंग मोदी यांचा ग्रंथ १९२० मध्ये निघाला. या परंपरेत लाल चित्रकाचे मूळ, कण्हेर, बिब्ब्याचा रस आणि हिंग यांची नावे पुनःपुन्हा येतात. पोटात घेण्याबरोबरच चित्रकाची किंवा कण्हेरीची काडी गर्भाशयमुखातून आत सारण्याची पद्धत होती. चित्रकातील प्लंबॅजिन दाहक आहे. कण्हेरीतील ग्लायकोसाइड हृदयाची गती बिघडवतात. कण्हेर स्त्रीच्या हृदयावर आघात करते आणि तिचा जीव धोक्यात आला की गर्भही धोक्यात येतो. काडीमुळे होणारी जखम आणि जंतुसंसर्ग यांचा धोका वेगळाच. ‘गर्भपातक औषध’ या नावाखाली पुष्कळदा केवळ विष असे, आणि त्याची मात्रा ठरवणारा ग्रंथ नव्हता.

येथे दोन वाङ्मयांतील अंतर स्पष्ट होते. प्रजास्थापनाच्या दहा द्रव्यांना सुंदर नावे आहेत, परंतु ती ओळखता येत नाहीत. चित्रक, कण्हेर आणि बिब्बा यांची नावे साधी, कुंपणावरची आहेत; ती कोणालाही ओळखता येतात, कारण ती मृतदेहाच्या तपासणीतून आली.

४

मुद्रणाने या दोन वाङ्मयांना जवळ आणले नाही. १८६७ चा ‘निघंटुरत्नाकर’ मराठी भाषांतरासह निघाला; शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘आर्यभिषक्’ने आणि वामन गणेश देसाई यांच्या १९२७ च्या ‘ओषधिसंग्रहा’ने वनस्पतींचे गुणधर्म मराठी घरांत नेले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील सखाराम अर्जुन यांनी १८७९ मध्ये मुंबईच्या बाजारातील औषधींची सूची इंग्रजीत प्रसिद्ध केली. वैवाहिक हक्काच्या खटल्यामुळे पुढे गाजलेल्या आणि स्वतः डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे ते सावत्र वडील. दक्षिणेत तंजावरच्या सरफोजीराजांच्या (राज्यकाल १७९८–१८३२) धन्वंतरी महालातील अनुभूत योग तमिळ पद्यात ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ्’ या नावाने संग्रहित झाले. गर्भिणी आणि बालक यांच्या रोगांना त्यांत स्वतंत्र स्थान आहे. मराठी राजाच्या आश्रयाने तमिळ वैद्यक ग्रंथबद्ध व्हावे, ही तौलनिक अभ्यासाला आमंत्रण देणारी घटना आहे. परंतु गर्भिणीचे हे वैद्यक हव्या असलेल्या गर्भाचे आहे.

नको असलेल्या गर्भाविषयी मराठीत उघडपणे लिहिले ते र. धों. कर्वे यांनी. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, १९२३ मध्ये त्या विषयावर पुस्तक लिहिले, आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. त्यांचा भर काढ्यांवर नव्हता. शरीरशास्त्र समजावून सांगणे आणि ज्यांची क्रिया तपासता येते अशी साधने देणे यांवर होता. १९३० मध्ये म्हैसूर संस्थानाने सरकारी रुग्णालयांत संततिनियमनाची केंद्रे उघडण्याचा आदेश दिला. मुंबईत एका प्राध्यापकाने नोकरी गमावून केलेले काम बेंगळूरकडे राज्यकारभाराचा भाग झाले. आडपडदा नसलेली भाषा या विषयाला प्रथम मिळाली ती येथे.

स्वातंत्र्यानंतर १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने गर्भपात, गर्भनिरोध आणि मासिक पाळीतील दोष यांवरील औषधांच्या जाहिरातींना बंदी घातली, आणि अनुसूचीत स्त्रियांच्या वंध्यत्वाचाही समावेश केला. ज्या दोन बाजू वाङ्मयाने वेगळ्या ठेवल्या त्या कायद्याने एकाच कागदावर आणल्या. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने कण्हेरीच्या काडीला पर्याय दिला. प्रयोगशाळांनीही ग्रंथांतील योग तपासले. १९७० च्या दशकात बनारसच्या संशोधकांना जास्वंदीच्या फुलांच्या अर्कात उंदरांमध्ये गर्भरोपण रोखण्याचा गुण आढळला. पिंपळी, वावडिंग व टांकणखार यांच्या योगाच्या चाचण्या आयुर्वेद संशोधन परिषदेने घेतल्या. कच्च्या पपईच्या चिकाने उंदराच्या गर्भाशयाचे आकुंचन होते, पिकलेल्या पपईने होत नाही, हेही पुढे दिसून आले. परंतु या वाटेने एकही वनस्पतिजन्य गर्भनिरोधक राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रमापर्यंत पोचले नाही. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने दिलेली बिनहार्मोनची गोळी पोचली. ती संश्लेषित आहे.

नावाचे सामर्थ्य मात्र ओसरलेले नाही. पुत्रंजीव वृक्षाच्या बियांची माळ लहान मुलाच्या गळ्यात घालण्याची प्रथा जुनी. नावाचा साधा अर्थ ‘लेकराला जगवणारा’ असा होता. २०१५ मध्ये याच वनस्पतीच्या बियांच्या एका विक्रीस असलेल्या औषधावरून राज्यसभेत वाद झाला, कारण नावाचा अर्थ ‘मुलगा देणारे’ असा घेतला जात होता. उत्पादकांचे उत्तर होते की ते केवळ वनस्पतीचे संस्कृत नाव आहे. दोन्ही पक्षांचा वाद वस्तुतः शब्दार्थाचा होता. त्याच सुमारास हरियाणातील एका अभ्यासात गर्भलिंगबदलासाठी घेतल्या जाणाऱ्या देशी औषधांचा संबंध मृतजन्माशी असल्याचे आढळले. फुल्यांच्या निवेदनातील गर्भात झालेली इजा येथे पुन्हा भेटते. या वेळी मात्र ती गर्भ लपवण्याच्या औषधांनी झालेली नव्हती; पुत्रासाठी घेतलेल्या औषधांशी तिचा संबंध होता.

५

१९८० च्या दशकात रायगड जिल्ह्यातील कर्जत परिसरात दर्शन शंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आदिवासींच्या आरोग्यपरंपरांची नोंद घेण्याचे काम केले, आणि पुढच्या दशकात त्याच कामातून बेंगळूर येथे स्थानिक आरोग्यपरंपरांच्या पुनरुज्जीवनाची संस्था उभी राहिली. या कामाचे मोल असे, की औषध सांगणारी सुईण त्यात अज्ञानी साक्षीदार म्हणून येत नाही. जाणकार म्हणून येते. मात्र तिचे सांगणेही श्रद्धेने उतरवून थांबता येणार नाही. खरा अशोक आज संकटग्रस्त वृक्षांत गणला जातो. बागेतल्या उंच, सरळ झाडालाही मराठीत ‘अशोक’च म्हणतात आणि त्याची साल खऱ्या सालीत मिसळली जाते. येथे शब्दाची गफलत थेट शरीरापर्यंत पोचते.

तौलनिक वाङ्मयाभ्यासाने या विषयात काय करावे, हे यावरून दिसते. ‘बहुसुता’ आणि ‘हलवु मक्कळ तायि’ यांचे नाते शोधणे हा त्याचा एक भाग. परंतु अमोघा, अव्यथा, अरिष्टा या यादीसमोर फुल्यांची पस्तीस, तीस आणि पाच ही यादी ठेवून वाचणे हा त्याचा दुसरा भाग, आणि तो अद्याप पुरेसा झालेला नाही. पहिली यादी स्त्रीसाठी पुरुषांनी केलेल्या शुभेच्छांची आहे. दुसऱ्या यादीतील स्त्रियांची नावे नोंदली गेली नाहीत, त्यांनी घेतलेल्या मुळ्यांचीही नाहीत. वनौषधींचा इतिहास केवळ पहिल्या यादीवरून लिहिला तर तो स्तोत्र होईल आणि केवळ दुसरीवरून लिहिला तर आरोपपत्र. ज्या स्त्रीने मूळ विकत घेऊन घरी नेले आणि उगाळले, ती दोन्हींत सापडत नाही. तिचा माग काढायचा तर दोन्ही याद्या एकाच वेळी समोर ठेवाव्या लागतील.